साखरखेर्ड्यातले रोडगे आणि एक नकार

बुलढाणा जिल्ह्यातून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "लोणारचं सरोवर पाहिलंत?" मी म्हणते, नाही. "शेगावला तरी गेला असाल?" नाही. "मग इतक्या लांब जाऊन केलंत काय?" मी रोडगे खाल्ले आणि एक नकार ऐकला, असं सांगितलं की समोरचा माझ्याकडे मी पेशंटकडे पाहते तसा पाहू लागतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. हा आनंद माझ्या पोटात मावत नाही, कारण तिथली बरीचशी जागा रोडग्यांनी अडवली आहे.

कामाचं आधी सांगते. मी पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक आहे आणि उमेदीची सगळी वर्षं मी लसींच्या मागे घालवली. डासांमुळे होणाऱ्या एका तापावर आम्ही लस तयार केली आहे. सुरुवातीच्या परीक्षा ती पास झाली, आता गावातल्या निरोगी माणसांमध्ये तिची चाचणी करायची होती. साखरखेर्ड्याला बायकांची एक आरोग्य सहकारी संस्था आहे. सभासद मिळून एक छोटा दवाखाना चालवतात आणि दर आठवड्याला आरोग्यशाळा भरवतात. त्या शाळेत आम्ही दोघांनी मिळून, म्हणजे कॉलेजने आणि संस्थेने, चाचणी समजावून सांगायची आणि ज्यांना मनापासून वाटेल त्यांनीच भाग घ्यायचा, असं ठरलं होतं.

अडचण एकच होती. आमच्या नैतिकता समितीने मला बजावलं होतं की होकार समजून-उमजून आला पाहिजे. लोकांनी नुसत्या माना डोलावल्या असं दिसलं तर ते गाव वगळायचं. गाव वगळलं की चाचणी लांबणार, आणि मी पुढच्या वर्षी निवृत्त होणार. म्हणजे माझी लस पहिल्यांदा गावकऱ्याच्या दंडात जाईल तेव्हा मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत असणार. मला ते मुळीच नको होतं.

देऊळगाव राजा

जालन्याहून एसटी पकडली. शेजारच्या सीटवर एक बाई होत्या. गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत त्यांनी माझं वय, नवऱ्याचा धंदा, पोरं किती आणि केस कधीपासून रंगवते इतकं सगळं काढून घेतलं. पुण्यात माझ्या समोरच्या फ्लॅटवाल्यांना माझं नाव पाटीवर वाचूनही ठाऊक नाही. मला इतकं बरं वाटलं की मी न विचारताच गुडघेदुखीचंही सांगून टाकलं.

"पन तुमी इकडं काऊन येऊन राह्यल्या?" त्यांनी विचारलं.

"लसीचं काम आहे."

बाईंनी लगेच बाही वर सरकवली. "द्या मंग."

"अहो, इथे नाही! आणि ती अजून चाचणीत आहे. चालते की नाही तेच बघायचंय."

"चालन नाही तं काय? तुमी एवढ्या पुन्याहून आल्या न!"

मी हसून हसून बेजार झाले. माझ्यापुढचं संकट बाही वर करून शेजारीच बसलं आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

देऊळगाव राजाच्या स्टँडवर प्रज्ञाताई गवई घ्यायला आल्या होत्या. प्रज्ञाताई म्हणजे निवृत्त नर्स आणि संस्थेच्या सचिव. कडक इस्त्रीची साडी, पायात पांढरे बूट आणि चाल अशी की सगळा स्टँड म्हणजे त्यांचा वॉर्ड. मी तिथल्या बालाजीचं दर्शन घेऊन निघू म्हटलं, तर त्यांनी माझी बॅग उचललीच.

"बालाजी काही पळून जाऊन नाही राह्यला. गोदाबाईनं सकाळपासून तयारी करून ठेवली."

साखरखेर्डा

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांनी भरली होती आणि कापसाच्या वेचणीला बायका ओळीने वाकल्या होत्या. सोयाबीन निघून गेलेली रानं मोकळी पडली होती. हवा अशी कोरडी आणि थंड की दर मैलाला भूक लागावी. पुण्यात मला भूक घड्याळ पाहून लागते, इथे ती उगीचच लागत होती.

गोदाबाई, म्हणजे संस्थेच्या अध्यक्ष, दारातच उभ्या होत्या. उंची बेताची, आवाज मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. त्यांच्याच घरी माझा मुक्काम होता. त्यांचे यजमान भाऊराव फारसे बोलत नाहीत, त्यांनी नुसता हात जोडला आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं एखाद्या रिकाम्या पोत्याकडे पाहावं. हे आता भरायचं, असा तो भाव होता.

त्याच दुपारी बुद्धविहाराच्या सभागृहात आरोग्यशाळा भरली. सभागृह खच्चून भरलं होतं. मी माझी सगळी कला पणाला लावली. निम्म्या लोकांना खरी लस टोचायची, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

"तुमालेबी ठाऊक नाही?" मागून एका आजींनी विचारलं.

"मलाही नाही."

"मंग एवढं शिकून काय केलं व माय?"

सभागृह हसून लोळलं आणि मीही लोळले. पण आजींना ते पटवून दिलंच मी. कोणाला काय दिलं ते मला कळलं तर मी आपल्या लसवाल्यांनाच ठणठणीत ठरवीन, लेकराच्या चित्रकलेला आई पैकीच्या पैकी देते तसं. हे मात्र सगळ्यांना फटकन कळलं. लस घेतल्यावर काय त्रास होऊ शकतो ते सांगितलं, वर्षभर दवाखान्यात तपासायला यावं लागेल तेही सांगितलं. कधीही सोडून जाता येईल, नाही म्हटलं तरी दवाखाना आपलाच राहील, हे तर दोन-दोनदा सांगितलं. मग विचारलं, "कोणाकोणाला भाग घ्यायचाय?"

सगळे हात वर. एकूण एक. आजींनी दोन्ही हात वर केले.

मी हवेतच होते. पुण्याला फोन लावावा, समितीला पेढे पाठवावेत असं मनात आलं. तेवढ्यात एसटीतल्या बाईंची वर सरकलेली बाही आठवली. खात्री करून घ्यावी म्हणून मी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "आणखी एक आहे. सुई घेण्याआधी सगळ्यांनी अनवाणी सिंदखेड राजापर्यंत चालत जाऊन यायचं. कोण कोण येईल?"

सगळे हात वर.

"च्या घेऊन निघू," गोदाबाई म्हणाल्या.

मी खाली बसले. प्रज्ञाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "पाव्हन्याले कोणी नाही म्हनते का म्याडम?" त्या हळूच म्हणाल्या. "तुमी किडनी मागितली असती तरी भेटली असती."

म्हणजे मला पुण्याहून इथे येऊन एवढंच समजलं होतं की माझ्या तोंडासमोर कोणी नाही म्हणणार नाही. मग त्या होकारांचं मी करू काय? मी प्रज्ञाताईंना, आणि फक्त त्यांनाच, सांगून टाकलं की जोवर इथून एक तरी 'नाही' येत नाही तोवर एकाही 'हो'वर माझा विश्वास बसणार नाही. एकही आला नाही तर मी समितीला तसं कळवून गाव वगळणार. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, नर्स मारतात तशी, बरीच जोरात.

रोडगे

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंच्या मळ्यात रोडग्यांचा बेत होता. ज्यांनी रोडगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जाडसर गव्हाच्या पिठाचा, आत तेलाचे पदर दिलेला गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. राख झटकून तो फोडला की आतून वाफ येते. मग तो वरणात कुस्करायचा, वर तूप, आणि जोडीला वांग्याची तिखटजाळ भाजी. पुण्यात मी पोळीला तूप लावते तेव्हा चमच्याच्या टोकाने लावते. भाऊराव तांब्या घेऊन आले होते.

पहिला रोडगा खाताना मी इतकी खुशीत होते की डोळ्यांतून पाणी आलं. थोडं भाजीमुळे, पण सगळंच काही भाजीमुळे नाही. दुसराही मी प्रेमाने खाल्ला. तिसरा समोर आला तेव्हा मी म्हटलं, "नको."

रोडगा पानात पडला.

"अहो, खरंच नको!"

भाऊरावांनी तूप ओतलं. मी ताटावर हात आडवा धरला तर तूप हातावर ओतलं. ओशाळून मी हात काढला तर ते म्हणाले, "हां, आता बरोबर." दोन दिवसांत ते पहिल्यांदाच बोलले होते.

मी गोदाबाईंकडे वळले. "गोदाबाई, मी नको म्हणतेय ना?"

"हाव, आयकलं न," त्या म्हणाल्या. "पन दोनडावच म्हनल्या तुमी. पयला नाही आमी धरत नसतो. पाव्हना लाजतेच. दुसराबी तोंडदेखलाच असते. तिसऱ्यांदा म्हनला का मंग समजायचं, खरंच पोट भरलं."

"आणि कोणी पहिल्यांदाच हो म्हटलं तर?"

"त्याले काय इचारायचं? वाढायचं!"

मी तिसरा रोडगा संपवला, नाही म्हणायची माझी हिंमत तिथेच संपली होती. मग मळ्यातल्या बाजेवर आडवी झाले ती उठेचना. प्रज्ञाताईंनी ओवा चावायला दिला आणि माझी नाडी धरून बसल्या. वर निळंभोर आकाश, खाली तुरीतून वारा, आणि मध्ये मी, तुपाने चिंब झालेली प्राध्यापक. श्वास लागत होता आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम आलं की फार हाल होतात.

आणि तिथे, ओवा चावता चावता, मला ते दिसलं. ह्या लोकांकडे पद्धत आहेच की! नुसती उलटी करायची. जेवणात 'नाही' तीनदा म्हटलं की खरं, 'हो' मात्र एकदाच पुरतं. चाचणीत 'हो' तीनदा आलं तरच खरं धरायचं, आणि 'नाही' एकदाच पुरेल.

मी ताडकन उठायला गेले. ते काही जमलं नाही. पडल्या पडल्याच मी प्रज्ञाताईंना सांगितलं. त्यांनी ओव्याची पुडी बाजूला ठेवली.

"जमते," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा तं शाळेत झालंच. दुसऱ्यांदा घरी जाऊन इचारतो. तिसऱ्यांदा दवाखान्यात, येकयेकीले, दार लावून. पन म्याडम, एक अट आहे."

"काय?"

"तुमी गावात नाही पाह्यजे. तुमचं तोंड दिसलं का सगळ्या हाव म्हनतात."

हद्दपारी

अशा रीतीने आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच संशोधनातून हाकलून दिलं गेलं. प्रज्ञाताईंनी आधी काही सभासदांना नीट शिकवून तयार केलं आणि दोन दिवस घरोघरी आणि दवाखान्यात विचारणं चाललं. तेवढा वेळ मी सकाळच्या गाडीने देऊळगाव राजाला जायची आणि उन्हं कलली की परतायची.

बालाजीचं दर्शन मी इतक्या वेळा घेतलं की पुजारी ओळखायला लागले. "काही नवस आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे. कोणीतरी मला नाही म्हणू दे." त्यांनी मला तीर्थ जरा जास्त दिलं. मग मी बाजारात भटकले, नको असलेल्या दोन चादरी घेतल्या (दुकानदाराला नाही म्हणता आलं नाही, मीही तिथलीच झाले होते), आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसले. तिथल्या एका काकांनी मला विचारलं की मी कोणाची वाट पाहते. 'एका नकाराची' असं मी म्हणाले नाही, पण ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा प्रज्ञाताई दवाखान्याच्या ओट्यावर बूट काढून पाय चोळत बसल्या होत्या. चेहरा पाहूनच मी समजले.

"सगळ्या हाव," त्या म्हणाल्या. "तिन्ही डाव. दार लावलं तरी हाव. थोड्याच राह्यल्या आता."

मी त्यांच्याशेजारी बसले. इतका वेळ माझ्यात उसळणारं हसू एकदम बसलं. बायका इतक्या चांगल्या आणि त्यांच्या चांगुलपणापायीच माझं काम बुडणार, याचा राग तरी कोणावर काढायचा? पुण्याला कळवायचं पत्र मी मनात लिहायला घेतलं. खरं सांगायचं तर रडू येत होतं.

तेवढ्यात गोदाबाई आल्या. रोज लांबून ऐकू येणाऱ्या गोदाबाई ओट्यापाशी येऊन गप्प उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"म्याडम," त्या म्हणाल्या. "तुमी माह्या घरी उतरल्या. माह्या हातचं खाल्लं. अन मी अध्यक्ष. मले हे बोलाले जीभ नाही उचलून राह्यली."

"बोला ना."

"शाळेत मी हात वर केला. घरी आल्या तवाबी हाव म्हनलं. आता प्रज्ञा दार लावून इचारनार. मी म्हनलं, म्याडमच्या तोंडावरच सांगतो, पाठीमागं नाही." त्यांनी श्वास घेतला. "राग नका धरू. मी नाही घेत लस."

मी काय केलं ते लिहायला थोडी लाज वाटते. मी किंचाळले. ओट्यावरून उडी मारली, माझ्या गुडघ्यांसह, आणि गोदाबाईंना घट्ट मिठी मारून गोल फिरवलं. त्यांची चप्पल एकीकडे गेली, माझा चष्मा दुसरीकडे.

"व माय!" त्या ओरडल्या, आवाज पुन्हा मूळ पदावर आला होता. "म्या नाही म्हनलं तं ह्या नाचून राह्यल्या!"

मला एक शंका आली. मी प्रज्ञाताईंकडे वळले. "तुम्ही तर त्यांना काही सांगितलं नाही ना? मला नकार हवाय म्हणून?"

"नाही. आन मी खोटं बोलत नसतो, नर्स होतो मी," त्या जवळजवळ चिडून म्हणाल्या. ते खरं होतंच, कारण गोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझा नाच पाहून त्यांचा चेहरा पार गोंधळला होता.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. की आता त्यांच्या मैत्रिणींचे होकार मला खरे वाटतील. ज्या गावात पाहुणीला घरी ठेवून घेणारी अध्यक्ष तिच्या तोंडावर नाही म्हणू शकते, तिथल्या 'हो'ला काही अर्थ आहे. त्या ऐकत राहिल्या आणि हळूहळू हसायला लागल्या.

"पण गोदाबाई," मी विचारलं, "का नाही? सुईची भीती वाटते? की वर्षभर यायचं म्हणून?"

"म्याडम!" प्रज्ञाताईंचा आवाज चाबकासारखा आला. "कारन इचारायचं नसते. तुमीच शिकवलं."

मी तोंड मिटलं. गोदाबाईंनीही मिटलं. मला अजूनही कारण माहीत नाही, आणि ते जाणून घ्यायची इच्छा मला आतून पोखरते आहे.

अध्यक्षांनी नाही म्हटल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली, कारण ती खुद्द अध्यक्षांनीच केली. मग आणखी काही जणी येऊन नाही म्हणून गेल्या, त्या दोन हातवाल्या आजीसुद्धा. "मले मिठाचं पानी नाही टोचून घ्यायचं, मी घरी पितो," असं त्यांनी कारण न विचारताच सांगितलं. बाकीच्यांना प्रज्ञाताईंनी दार लावून पुन्हा पहिल्यापासून विचारलं. त्या 'हो'वर ठाम राहिल्या आणि त्या पुरेशा होत्या. समितीशी मी रात्रीच बोलले. गाव वगळायचं कारण उरलं नाही.

निरोप

निघायच्या दिवशी साखरखेर्ड्याच्या स्टँडवर मला पोचवायला इतक्या जणी आल्या की कंडक्टरने विचारलं, सगळ्या येणार का. हळदीकुंकू झालं, ओटी भरली गेली, फोटो झाले. लस टोचायला आमची टोळी थोड्याच दिवसांत येणार होती आणि तिच्याबरोबर मीही, त्यामुळे रडण्यासारखं काही नव्हतं, तरी आम्ही थोडं रडून घेतलं.

गाडी सुरू होता होता गोदाबाई खिडकीशी आल्या. हातात एक गरम, जड गाठोडं, कापडातून तुपाचा डाग बाहेर आलेला. रोडगे. पहाटे उठून खास माझ्यासाठी भाजलेले. वासानेच माझी शुद्ध हरपली.

"घ्या म्याडम. वाटेत खाल."

आता पुण्याच्या माणसाने काय म्हणायचं असतं?

"अहो, कशाला उगीच, नको," मी म्हटलं आणि हात जरा पुढे केला.

"घ्या न."

"नको हो, इतका त्रास कशाला घेतलात." हात आणखी पुढे.

"घ्या वो, तुमच्यासाठीच केले."

"नको नको," मी लाडाने म्हटलं.

गोदाबाई थबकल्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान डोलावली, अगदी गंभीरपणे, आणि गाठोडं पोटाशी ओढून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तीनदा नाही म्हनल्या. धरलं."

गाडी हलली. पुढे केलेला माझा हात रिकामाच राहिला. मागे भाऊराव खो खो हसत होते, त्यांचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गोदाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या हात वर करून उभ्या होत्या आणि त्यांना खरोखर वाटत होतं की माझं पोट भरलेलं आहे. माझ्या नकाराला इतका मान आजवर कोणी दिला नव्हता, आणि जालन्यापर्यंतच्या प्रवासात लागली तितकी भूकही मला कधी लागली नव्हती.